निकाल

वळू समोरून बघायचा नसतो.
समोरून सगळेच देखणे, बबूशा झेंडे म्हणायचा,
कपाळ, शिंगं, लोंबती पोळी.
मागं जाऊन उभा राहा. खूर बघ. चालताना
मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशात पडतो का बघ.
मग खाली वाक आणि सड मोज.

वळूला सड?
मी हसलो. एकोणीस वर्षांचा होतो,
सासवडहून सायकल मारत आलेला.
असतात. चार. मुगाच्या दाण्याएवढे,
कुणाला कधी न पाजलेले.
ते जसे बसलेत तशी लेकींची कास बसते.
नरात दूध शोधायचं, एवढंच आपलं काम.

गुळव्या आला तेव्हा सात महिन्यांचा,
टेम्पोतून, दिवे घाट चढून, शेणानं माखलेला,
कानात पिवळा बिल्ला, एकशे बारा.
सोबत आईचा कागद: तिसरं वेत,
चार हजार दोनशे लिटर, फॅट पाच पूर्णांक एक.
बापाच्या रकान्यात नुसता आकडा.
त्या रात्री जेजुरीकडची मालगाडी गेली
आणि त्याने गव्हाण मोडली.

मग रोजचं. माळावरून कऱ्हेपर्यंत चालवणं
आणि परत. पंधरवड्याला काटा:
दोनशे दहा, दोनशे वीस, पुन्हा दोनशे वीसच,
आणि बोपर्डीकर मॅडमचं न बोलणं.
वेसण घातली त्या दिवशी त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
तिसऱ्या दिवशी खिशातलं अंजीर खाल्लं,
खिशासकट.

त्याच्या जोडीचे अकरा होते.
एकाचं बीज पाण्यासारखं. एक माणसावर जायचा.
एकाचा मागचा पाय ठशात पडेना.
वहीत त्यांच्यापुढे ‘कमी’ असं लिहायचं, माझ्या अक्षरात.
त्यातला एक परिंच्याजवळ औत ओढतो,
खच्ची केलेला, शांत.
एसटीतून दिसला की मी दुसरीकडे बघतो.

गुळव्याने वयात आल्यावर गाय पाहिली नाही.
समोर खोड्यात दुसरा एक वळू असायचा, कंटाळलेला,
आणि माझ्या हातात कोमट पाण्याची रबरी नळी.
उडी, एक क्षण, संपलं.
मॅडम म्हणाल्या, ये, बघ.
मी काचेला डोळा लावला:
वारूळ फुटावं तशी झुंबड,
आणि आवाज अजिबात नाही.

नळ्या गावोगाव गेल्या, मग थांबायचं.
गाय गाभण राहायला हवी, कालवडच व्हायला हवी,
ती वाढायला हवी, फळायला हवी, व्यायला हवी,
मग तीनशे पाच दिवस कुणीतरी
पहाटे न चुकता तिचं दूध मोजायला हवं.
तेव्हा कुठे कळणार की हा बरा होता की नव्हता.
साडेपाच वर्षं. तेवढ्यात
माझं लग्न झालं, मॅडमना चाळशी लागली,
बबूशा घरी बसला.
गुळव्या मात्र रोज खनिजाची वीट चाटत उभा,
निकालाची काडीची फिकीर नसलेला.

मार्गशीर्षात त्याचा गुडघा सुजला.
नऊशे किलो तीन पायांवर किती दिवस उभे राहणार?
बांधाकडच्या सीताफळांपाशी जेसीबीने खड्डा घेतला.
वेसण मी काढून ठेवली. का, माहीत नाही.

अकरा आठवड्यांनी कागद आला.
एकाहत्तर लेकी. बरोबरीच्यांपेक्षा
साडेतीनशे लिटर जास्त.
कासेची ठेवण: उत्तम.

मी टाकीचं झाकण उघडलं.
गार धूर पायांवर सांडला.
खाली, उणे एकशे शहाण्णववर,
एकशे बारा, एकशे बारा, एकशे बारा,
अजून सुरूही न झालेला.

बबूशाला फोन लावला.
ऐकू कमी येतं त्याला. लिटर सांगितले, काही नाही.
कास सांगितली, तेव्हा म्हणाला, मग?
मी सांगितलंच होतं.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग त्याच्या मागून कुणीतरी ओरडलं,
अहो, दूध उतू चाललंय,
आणि त्याने फोन तसाच चालू ठेवून
खाली ठेवला.