बद्द

"खरं आहे ना?" लिस्बनहून आलेल्या गृहस्थानं विचारलं,
भिंगाची काच रुमालानं पुसत.
मी म्हटलं, वाजवून घ्या.
ओट्याच्या काळ्या दगडावर त्यानं टाकलं:
बद्द.

आमच्या बिस्कोइतोशात सगळाच दगड काळा,
डोंगरानं कधीकाळी ओकलेला.
त्याचेच बांध रचून कुशीत द्राक्षं लावायची
आणि समुद्राकडे पाठ करून बसायचं.
समुद्र तरी यायचाच. आधी धुकं पाठवून.

धुकं उतरलं की बाप ताटावरून उठायचा,
खरकट्या हातानं दोराला लोंबकळायचा.
तीन टोल. थांबणं. मग एक.
त्या एकावर वल्ही वळायची.

त्या साली देशाला धनी दोन.
काका लिस्बनमध्ये, गादीवर चढून बसलेला;
पुतणी समुद्रापार कुठेतरी, दहा वर्षांची,
आणि तिच्या बाजूनं उरलेलं एवढंच एक बेट, आमचं.
मीही दहाचीच. मला प्रश्न पडायचा,
झोपताना तिची वेणी कोण सोडतं,
की राणीची वेणी रात्रीही तशीच राहते.

बेटावर शिपाई मावेनात, आणि त्यांना द्यायला पैसा नव्हता.
आंग्र्याहून बैलगाडी आली, सोबत एक कागद.
बापाला वाचता येत नव्हतं. पाद्रीबाबांनी वाचला, दोनदा.
बापानं मग दोर सोडला, गुंडाळून खांद्यावर टाकला.
दोराचं कागदात काही नाही, पाद्रीबाबा म्हणाले.
उतरताना ती एकदाच वाजली, चाकाच्या धावेला लागून.
आई म्हणाली, "नाव सांगतेय स्वतःचं."
गाब्रिएला नाव होतं तिचं.

परत आली ती ऐंशी-ऐंशी रेइशची होऊन,
ओबडधोबड, कडेला वाळूचे व्रण,
वर ढाल, मुकुट,
आणि माझ्याएवढ्या मुलीचं नाव लॅटिनमध्ये,
एक अक्षर साच्यात अर्धंच राहिलेलं.
लोक म्हणाले, मालुकू. वेडं.
अंगात नाही दम आणि म्हणे मी ऐंशीचं!
पण नाही कोण म्हणणार? दुकानाच्या दारात संगीन उभी.

नोव्हेंबरात धुकं आलं, तीन दिवस बसलं.
आम्ही पातेली बडवली, नांगराचा फाळ बडवला,
एकीनं तर आपली गाय धक्क्यावर आणून हंबरवली.
होड्या आल्या.
झेफेरीनुची आली नाही.
बाप धक्क्याच्या टोकाला उभा,
घंटेच्या बदल्यात मिळालेली नाणी मुठीत धरून.
मूठ हलवत होता.
तीनदा. थांबून. मग एकदा.
शेजारी उभ्या असलेल्या मलाही धड ऐकू येत नव्हतं.

पुतणी जिंकली. तेव्हा आम्ही शेकोट्या पेटवल्या.
पुढे ती बाळंतपणात गेली, चौतिशीत.
बातमी आली तेव्हा मी पाळणा हलवत होते, सातव्याचा,
आणि काही वेळ हलवायची विसरले.
नाणी मिठाला गेली, दिव्याच्या तेलाला गेली,
बरीचशी झेफेरीनुच्या बायकोला.
हे एक राहिलं. बापानं ते दोराच्या टोकाला गाठ मारून
आत कोंबलं होतं. का ते कधी बोलला नाही.

गृहस्थ खूश होता.
म्हणाला, खणखणीत वाजतात ती सगळी बनावट, आजी,
मागाहून कुणी कुणी पाडलेली.
खरं असंच वाजतं.
मग ओट्यावर सोनं ठेवलं. त्याला मात्र नाद होता.

मी घेतलं. नातीचं लग्न आहे, ख्रिसमसनंतर.
दोरही हवा का, विचारलं,
फडताळातून काढून दाखवला, अजून पिळदार आहे.
त्यानं वही उघडून पाहिली.
दोराचं तिच्यात काही नव्हतं.

तो गेला. बाहेर स्वच्छ ऊन,
पार साओ जोर्जचं बेट दिसत होतं.
दोर माझ्या हातातच होता. मी थोडा ओढून पाहिला.