दोन बोटं दाब

साडेनऊला शटर अर्धं ओढलं
आणि कटिंगच्या टेबलावर तीन कागद पसरले,
कापड बघावं तसे.
आधी पोत, मग पन्हा.

टेबलाखाली दोन केटलबेल.
नौशाद त्यांना इस्त्र्या म्हणतो, मूठ तशीच म्हणून.
सायनच्या एका बंद पडलेल्या जिममधून जोडी उचलली.
दोन्हींवर बारा कोरलंय.
रद्दीवाल्याच्या काट्यावर एक बारा भरली,
दुसरी अकरा सहाशे.
फसवलं मास्तर, तो म्हणाला.
म्हटलं, माझे तरी दोन खांदे सारखे कुठे आहेत?
उजवा अर्धा इंच खाली,
एकतीस वर्षं कात्रीमागे गेला.

सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी निघाली, पहिली पायरी.
अर्ध्या माहीमच्या कंबरा मला पाठ,
माझी कधी मोजली नव्हती.
मोजली.
आकडा मापाच्या वहीत नको, नौशाद बघतो.
कॅलेंडर उचलून मागे भिंतीवर खडूने लिहिला.

पहिला कागद: आठवड्यातून तीन वार.
दोन्ही खांद्यावर घ्यायच्या, डोक्यावर ढकलायच्या,
एकदा, दोनदा, तीनदा, पुन्हा एकदा.
शिडी म्हणतात याला.
दंड भरतील, दम मात्र उशिरा येईल.

दुसरा: कॉम्प्लेक्स.
स्विंग, क्लीन, प्रेस, स्क्वॉट, सगळं सलग,
मधे जमिनीला टेकवायचं नाही.
फोटोतल्या माणसाच्या पोटावर सहा खण,
आणि खाली छापलंय, अवघ्या चार आठवड्यांत.
तासाभरात ब्लाऊज देतो म्हणणारे मी पाहिलेत.
त्यांची उसवण माझ्याकडेच येते.
तरी मंगळवारी करून पाहिला.
तिसऱ्या फेरीत लादी फुटली,
नौशाद पाणी घेऊन धावला
आणि बराच वेळ
शिलाईकडे बघत हसू दाबत बसला.

तिसरा: वीस मिनिटं.
काटा बारावर आला की पाच स्विंग,
नाहीतर तीन क्लीन आणि तीन प्रेस,
उरलेलं मिनिट श्वासाचं.
चार दिवस हे, दोन दिवस नुसतं चालणं.
या कागदावर फोटोच नाही.

ग्लेंडा परेरा रेतीबंदरावर सकाळी सहाला शिकवते.
तिच्या लग्नाचा गाऊन मीच शिवला होता.
कुठला घेऊ, विचारलं,
तर तिने उलट विचारलं, गर्दी कधी असते दुकानात?
गणपती, मग दिवाळी, मग तुमचा नाताळ,
मग लगनसराई.
म्हणाली, लगनसराईतसुद्धा जो होईल, तो.
आणि चहा किती?
चार.
साखर?
मी बॉबिन भरायला घेतली.
चरबी ताटात उतरते मास्तर, ती म्हणाली,
दम लोखंडावर येतो. दोन खाती वेगळी ठेवा.

निघताना दारातून म्हणाली,
अजून दोनदा जमेल असं वाटतंय ना,
तिथेच खाली ठेवायच्या.
शेवटचा दम काढायचा नाही.

मी थांबलो.
एकतीस वर्षं हेच ऐकतोय,
प्रत्येक बाई पडद्याआडून सांगते,
मास्तर, दोन बोटं दाब सोडा.
अंग काय, वाढतं, उतरतं,
कापडाला उसवायला जागा हवी.
मी सोडत आलो, न सांगता, सगळ्यांना,
मापाच्या बाहेर, शिवणीच्या आत, कुणाला न दिसेल अशी.
स्वतःला मात्र
काठावरून कापत आलो.

तिसरा कागद टाचणीने मशीनच्या वर लावला.
पहिला घडी करून खणात ठेवला, पावसाळ्यानंतर बघू.
दुसरा चांगला जाड होता,
त्याचा बोट-नेकचा नमुना कापला,
सहा खण बरोबर मधोमध गेले.

फुटक्या लादीवर चिंध्यांची जुनी गोधडी.
उद्या सकाळी साडेसहा, दुकान उघडण्याआधी.
अकरा सहाशेवाली उजव्या हाताला.
सोमवारी अदलाबदल.