पहिल्या प्रकरणात मरणारी माणसं

मशीन लावून झालं की माझ्याकडे चार तास असतात.
मध्ये प्रेशर बघायचं, अलार्म वाजला तर नळी सरळ करायची,
बाकी वेळ जग बुडवायला मोकळा.

शुक्रवारी बाजारात वीस रुपयांना एक मिळतं.
मुखपृष्ठावर दर वेळी तोच हात, मातीतून वर आलेला,
नखं मात्र नीट कापलेली.

हेतलबेन डब्यातला हांडवो पुढे करते आणि म्हणते,
दिवसभर रक्त बघतेस, तेवढं पुरत नाही?
कसं सांगू, इथलं रक्त शहाण्यासारखं
एका नळीतून जातं, दुसरीतून येतं,
कुणाच्या अंगावर धावून येत नाही.
आणि मला ती चालती मढी आवडतात.
भूक असते, ती लपवत नाहीत.

बडोद्याचा बंदोबस्त मी केव्हाच ठरवून ठेवलाय.
पाणीगेट, लहरीपुरा, चांपानेर, गेंडीगेट:
हातगाड्या आडव्या लावल्या की तासाभरात बंद.
पश्चिमेला विश्वामित्री आहे,
विश्वामित्रीत मगरी आहेत,
पुरात सोसायटीच्या पार्किंगपर्यंत येणाऱ्या,
त्यांना शिळं चालतं.
फक्त, मढं खाल्लेली मगर
पुढे जिवंत धरायची की कसं,
यावर कुणी लिहिलेलं नाही.
ही पुस्तकं लिहिणारे बडोद्यात राहिले नसावेत.

तीन नंबरच्या पलंगावर खानविलकर.
मंगळ, गुरू, शनी.
खताच्या कारखान्यात बत्तीस वर्षं मीटर दुरुस्त केले,
आता मशीनकडे असे बघतात
जसं कामचुकार हेल्परकडे.
गेल्या गुरुवारी म्हणाले, वाच की मोठ्यानं,
टीव्हीवर नुसती भजनं चाललीयेत.

वाचलं. इंग्रजीचं मराठी करत, शिव्या गाळत.
दुसऱ्या दिवशी त्या शहरातली वीज जाते,
तिसऱ्या दिवशी पाणी.
हॉस्पिटलांचं लेखकाने दीड ओळीत आटपलंय.
तेही गाळायला हवं होतं,
पण माझं सगळं लक्ष शिव्यांवर.

खानविलकर मशीनच्या फिरत्या चाकाकडे बघत राहिले.
मग म्हणाले, म्हणजे आम्ही दीड ओळ.
मग, थोड्या वेळाने,
त्या ट्रक चालवणाऱ्या मुलीचं काय होतं पुढे?

रात्री कारेलीबागेत, कुकर लावून,
कपाटातली एकोणतीस पुस्तकं खाली काढली.
डायबिटीसवाला एक सापडला, पान साठपर्यंत.
त्याचं इन्सुलिन शोधताना नायक शूर ठरतो,
तो मरतो.
दम्याची एक मुलगी, पंप संपेपर्यंत.
आमच्यातलं कुणीच नाही.
आमच्यातलं, असं मनात आलं
आणि शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.
डाळ खाली लागली. तशीच खाल्ली.

शनिवारी खानविलकर रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर
पेन्सिलीने आकृती काढून घेऊन आले.
जनरेटर, फिल्टर, टाकी, बाण, बाणांवर आकडे.
एका माणसाला एका वेळी एकशेवीस लिटर, म्हणाले,
चार पलंगांचं तू मांड.
सूरसागर आहे, मी म्हटलं.
छे, त्याला वास येतो. आजवा बरा.
आणि डिझेल?
कारखान्यात आहे. वॉचमन माझ्या ओळखीचा,
मेला असला तरी ओळखेल.

सुया टोचताना ते एरवी खिडकीबाहेर बघतात,
आज कागदात होते, एका बाणावर अडलेले.
हेतलबेनने डोकावून विचारलं, हे शुं छे?
तुझा पण पलंग धरलाय, म्हणाले, काळजी नको.

मी पुस्तक उघडलं. पान एकशे चौदा.
मढी फाटकापर्यंत आली होती, बिजागरी करकरत होती,
ट्रकवालीकडे एकच काडतूस.
थांब, खानविलकर म्हणाले,
आधी माझं प्रेशर लिही.