शून्य बघा

रात्रपाळी संपवून सातला घरी आले
तर दारातच अडवलं तिनं. चप्पल तिथेच काढ,
इथून पुढे हवा नाही.

उत्कर्षानं स्टेशन बांधलं होतं
चंद्र आणि मंगळ यांच्या मधे कुठेतरी,
म्हणजे गॅसची टाकी आणि शिलाई मशीन यांच्या मधे.
लांबच्या यानांनी थांबायचं, टाकी भरायची, पुढे जायचं.

विटा गणेशवाडीच्या बुधवारच्या बाजारातल्या,
पाव किलो साठ रुपये, रंग निवडायचे नाहीत.
एका निळ्या विटेवर कुणाच्या तरी लेकराचे दात उमटलेले,
ती तिनं मुद्दाम दर्शनी लावली:
उल्केचा मार.
खाली धक्का म्हणून द्राक्षपेटीचं झाकण,
पिंपळगावचा शिक्का अजून दिसतो.
नळी सलाइनची, माझ्या वडिलांच्या वेळची,
नोझल म्हणून टूथपेस्टचं टोपण.

मी आडगाव नाक्याला पंपावर आहे, यंदा नववं वर्ष.
त्यामुळे तपासणी माझ्याकडे.

वाळूच्या बादल्या कुठायत? म्हटलं.
आई, तिथे आग लागतच नाही, हवा नाही ना.
ते ठीक. पण साहेब येतात तपासायला,
त्यांना बादल्या लागतात.
तिनं चार लाल ठोकळे लावले, कुरकुरत.

आणीबाणीचं बटण? आहे.
बायकांसाठी संडास?
दोन. आतून कडी पण आहे.
मी काही बोलले नाही. आमच्याकडे एक आहे,
त्याची किल्ली मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये.

पैसे कसे घेणार?
चौकोनी कागदावर काळे ठिपके काढलेले, स्कॅन करायचं.
आणि इतके रुपये प्राप्त झाले, असं सांगणारा डबा?
तूच म्हणालीस, आवाज पोचत नाही तिथे.
कमी पडले की पगारातून कापतात, उत्कू.
ती गप्प झाली. पेन्सिलीचं टोक चावत राहिली.
याचा विचार करावा लागेल, म्हणाली.

माणूस एकच. पिवळा, डोक्यावरचे केस हरवलेला,
हातांच्या जागी दोन आकडे.
त्याच्यासाठी खुर्ची केली होती तिनं.
पंपाला खुर्ची नसते गं, म्हटलं.
माझ्या पंपाला असते.
पण तो बसेना. पाय वाकायचेच नाहीत त्याचे.
माझंही सकाळी तसंच होतं, म्हटलं, हसले.
ती नाही हसली.

तिनं आख्खं स्टेशन उचललं, आडवं केलं,
एक खिडकी निखळून मशीनखाली गेली,
आणि त्याची पाठ खुर्चीच्या पाठीला टेकवून म्हणाली,
तिथे खाली-वर नसतंच.
उभं काय, बसलेलं काय, निजलेलं काय.
आठ तास ड्यूटी झाली तरी
पायांवर वजन शून्य.

मग मीही तिथेच लादीवर आडवी झाले, त्याच्या शेजारी,
युनिफॉर्म न बदलता.

जाग आली तेव्हा ती शाळेत गेलेली,
दुधाचं पातेलं झाकलेलं,
आणि माझ्या चारी बाजूंना एकेक
लाल ठोकळा मांडून ठेवलेला.
अंगाला पेट्रोलचा वास येत होता ना.

रात्री अडीचला एक ट्रक. मग बराच वेळ कुणी नाही.
मग एक पांढरी गाडी, तोंड धुळ्याकडे.
नोझल काढलं, म्हटलं, शून्य बघा साहेब.
रोज म्हणते, प्रत्येक गाडीला.
त्यानं काच बोटभर खाली केली,
मोबाइलमधून मान वर नाही.
शून्य बघा, पुन्हा म्हटलं.
फुल कर, म्हणाला.

मग मीच बघितलं.
जरा जास्त वेळ बघितलं असेल.
मागच्यानं हॉर्न दिला.