या महिन्यातले चार सिनेमे

पहिला पाहू नका.
म्हणजे पाहायचा तर पाहा, पैसे तुमचे,
पण मध्यंतरापर्यंत हिरो नुसता चालतो,
मागे आग, पुढे वारा,
आणि दर वेळी अंगात नवा कोट.
आमच्या चष्म्याच्या दुकानात निनाद म्हणून पोरगा आहे,
त्याला आवडला. तीनदा शिट्टी मारली म्हणे.
एकवीस वर्षांचा आहे, त्याला माफ.

दुसऱ्यात मुंबई आहे म्हणून गेलो.
कुठली मुंबई ते कळलं नाही.
चाळीच्या गॅलरीत पाण्याचं एक पिंप नाही,
दोरीवर तीन कपडे, तिन्ही इस्त्रीचे,
आणि नायिका माझगावला टॅक्सीत बसते
ती एका कडव्यात थेट समुद्रावर उतरते.
मीटर किती झालं, कुणी विचारत नाही.
आईचं काम करणारी बाई मात्र चांगली.
भांडं विसळताना रडायला सांगितलं असणार तिला;
तिनं आधी भांडं नीट विसळलं.
शेवटच्या पाट्यांत तिचं नाव शोधत होतो,
तेवढ्यात दिवे लागले, झाडूवाले आत आले.

तिसरा आपला, मराठी.
चांगला आहे. पण पाहणार कुठे?
एकच खेळ, सकाळी सव्वानऊचा, मुलुंडला.
दुकानात सांगितलं, दाढ दुखतेय.
आम्ही सात जण होतो, त्यातलं एक जोडपं
सिनेमासाठी आलेलं नव्हतं.
गोष्ट वजनमापं तपासणाऱ्या इन्स्पेक्टरची.
कुणी ओरडत नाही. शेवटी तो
जप्त केलेला खोटा किलो घरी आणतो,
जेवणाच्या टेबलावर ठेवतो,
आणि पडदा काळा.
परत येईपर्यंत मी कुणाशी बोललो नाही.
बोलायला कुणी नव्हतंच, ते पुढे सांगतो.
शुक्रवारी लागला, मंगळवारी उतरला.

आता चौथा.
चौथा सगळ्यात भिकार.
वकील, खून, जुळे भाऊ. अजून जुळे भाऊ!
निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात गाणं.
मी चार वेळा पाहिला.

मध्यंतरानंतर आठव्या मिनिटाला
कोर्टाचं कॅन्टीन येतं.
हिरो पुढे बसून भुवई उडवतो.
त्याच्या डाव्या खांद्यामागे, धूसर,
एक माणूस चहा पितो.
तुम्हाला तो दिसणार नाही.
मी एकतीस वर्षं काचा घासतोय,
धुरकट काय आहे ते ओळखण्यावरच माझं पोट.
तो वामन पागधरे.

पागधरे म्हणजे गर्दी.
लग्नातला पाहुणा, दंगलीत पळणारा,
विमानतळावर बॅग ओढणारा.
दिवसाचे पैसे, वर जेवण.
सातरस्त्याला आमच्या समोरच्या खोलीत राहायचा.
दर शुक्रवारी रात्रीच्या खेळाला आम्ही दोघं,
आणि परतताना चिंचपोकळीच्या पुलावर भांडण.
मी म्हणायचो, सिनेमातले कप रिकामे असतात,
धरतात कसे बघ, हातात वजनच नाही,
एवढं एक जमत नाही तुमच्या लोकांना.
तो म्हणायचा, रिकामाच असतो रे बाबा,
सहा तास बसवून ठेवतात,
खरा भरला तर साय धरेल.

श्रावणात गेला. सिनेमा आला मार्गशीर्षात.

तर तो बसलाय तिथे.
कप उचलतो, जड उचलावा तसा.
ओठांशी नेतो, थांबतो,
आणि फुंकर मारतो.
मग जो नाहीच तो चहा
बशीत ओततो, बेतानं, सांडू न देता,
आणि मिशी पुसतो.
अकरा सेकंद. मोजलेत.
नंतर हिरोचं डोकं आडवं येतं.

पहिल्यांदा मी मोठ्यानं म्हणालो, "जमलं रे!"
शेजारच्या बाई दचकल्या,
त्यांनी पर्स मांडीवर घेतली.

तेव्हा मत विचाराल तर, कथा नाही,
गाणी कानाला त्रास,
जुळ्यांपैकी एक तरी कमी हवा होता.
पण अजून लागलेला आहे, लोअर परळला, दुपारी एक.
गेलात तर डावीकडची खुर्ची मागा.
आणि मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेत
फार वेळ राहू नका.