नकाशांची खोली

पूर्वी इथे नकाशे ठेवायचे.
एक अजून राहिलाय, कपाटामागे गुंडाळलेला,
ओढला तर खोकतो.
आता मी बसते, मंगळवारी आणि गुरुवारी.
उरलेले दिवस दुसऱ्या दोन शाळांचे.
दारावर पाटी: लॉर्ना केट्टुनेन, समुपदेशक.
पहिलीतल्या पोरांना तो शब्द झेपत नाही,
म्हणून ती म्हणतात, रडायच्या बाई.

मी रागावत नाही. नाव बरोबरच आहे.
इथे रडलेलं चालतं, चिडलेलं चालतं,
कापडी बीव्हरला भिंतीवर आपटलेलंही चालतं.
त्याचा एक कान त्यातच गेला.

टोबिन आहो, दुसरी इयत्ता,
नोव्हेंबरात चिठ्ठी घेऊन आला:
बाही चावतो. वाचायला सांगितलं की खिडकीकडे बघतो.
वडील खनिजाच्या बोटीवर.
एवढं कारण सगळ्यांना पुरलं. मलाही.

भिंतीवर चेहऱ्यांचा तक्ता आहे,
हसरा, रडका, भेदरलेला, रागाने लाल.
आज कसं वाटतंय, बोट ठेव बघू.
त्याने बोट ठेवलं तक्त्याच्या बाहेर,
भिंतीचा पोपडा उडालाय तिथे.
बरं, म्हटलं, आणि तसंच लिहून घेतलं.

चार आठवडे आम्ही ताटातली वाळू चाळली.
मग एकदा खाली बंदरातून भोंगा आला:
लांब, आखूड, लांब, आखूड.
म्हणजे बोट म्हणते, आले, पूल उचला,
आणि पूल तेच तिला उलट म्हणतो.
डुलुथमध्ये जन्मलेल्या कुणाला हे शिकवावं लागत नाही.
टोबिनने टेबलावर वाजवलं,
लांब म्हणजे नख ओढून, आखूड म्हणजे टिचकी.
मी माझ्या बाजूने वाजवलं.
त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं,
वाण्याने नाणं खोटं तर नाही ना पाहावं, तसं.

जानेवारीत सरोवर गोठलं, बोटी धक्क्याला लागल्या,
बाप घरी आला.
मी मनातल्या मनात फाईल मिटत आणली होती.
तर पोराच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

त्या दिवशी नकाशा ओढला, उगीच, हाताला काम म्हणून.
पाच सरोवरं धुळीसकट खाली उतरली.
त्याने सुपीरियरवर तळहात ठेवला. म्हणाला,
"बाबा बोटीवर असले की मला माहीत असतं
ते कुठे आहेत.
घरात असले की कळत नाही."

तीस वर्षांत शिकलेली सगळी वाक्यं
ओठांशी येऊन रांगेत उभी राहिली.
मी एकालाही पुढे सोडलं नाही.
रेडिएटर टकटकत होता.
मग विचारलं, "घरात बसतात कुठे?"
"खुर्चीत. टीव्ही बंद असतो, तरी बघतात."

फेब्रुवारीत बापाला बोलावलं.
एवढा धिप्पाड माणूस, गुडघे छातीशी घेऊन
बालवाडीच्या खुर्चीत, टोपी बोटांवर फिरवत.
नऊ महिने कानाशी इंजिन असतं, म्हणाला,
घरी इतकं शांत की झोप येत नाही,
आणि पोरगा इतका वाढलेला,
सुरुवात कुठून करायची तेच
मी त्याला टेबलावर वाजवून दाखवायला गेले.
तो हसला. मला शिकवता, बाई?

फॉर्ममध्ये रकाना असतो, प्रगती.
तीन ओळींची जागा.
मी लिहिलं: एक बाही कोरडी.

मार्चअखेर बर्फ फोडायला बोट आली.
टोबिन आता माझ्या यादीत नाही.
पण गुरुवारी त्यांची रांग जिमकडे जाते
तेव्हा दारावर पडतं, चालता चालता,
लांब, आखूड, लांब, आखूड.
मी आतून देते.
खुर्चीतली नवी मुलगी नाक पुसायची थांबते.
"कोण आहे?"
बोट, मी म्हणते.
ती आपल्या बोटांकडे बघत राहते.