डावा पाय

मे महिन्यात धंतोलीतल्या या खोलीत
दोनच गोष्टी गार असतात:
मशीनसाठी लावलेला एसी, आणि जेल.
माणसांसाठी बाहेर कूलर आहे,
त्याची खस गेल्या वर्षीची.

देवाजी निनावे, वय एकसष्ट, राहणार गोळीबार चौक.
उजव्या पोटरीचा घेर एकतीस, डावीचा छत्तीस.
"उन्हानं सुजला असंन," ते म्हणतात,
"पन उन्हाले एकच पाय काऊन दिसला?"

मी जांघेपासून सुरू करते.
पडद्यावर दोन काळी वर्तुळं.
एक उडतंय, ती धमनी, तिच्याशी आज काम नाही.
दुसरी तिच्या कुशीला, गप्प.
प्रोब दाबला
की ती मिटते, पेंगुळल्या डोळ्यासारखी.
सोडला, उघडली.
दोन बोटं खाली. मिटली.
आणखी दोन. मिटली.
एवढंच तर आहे या तपासाचं मर्म:
जी दबते ती चांगली.
हे वाक्य मी आधीही ऐकलंय,
लग्नाच्या आदल्या रात्री, आत्याकडून.
तेव्हा पटलं नव्हतं.
शिरांपुरतं मात्र खरं आहे.

मांडीच्या मध्यावर ती मिटत नाही.
पुन्हा दाबते. शेजारची धमनीसुद्धा चेपते थोडी,
ही नाही.
आत राखाडी काहीतरी बसलंय, शीर फुगवून,
थेट गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत.

"काय दिसून राह्यलं मॅडम?"
बघतेय, मी म्हणते.
"चाळीस वर्सं मागावर होतो.
खड्ड्यात पाय सोडून दिवसभर पावड्या.
डावी, उजवी, डावी.
तवा काईच नाई झालं.
माग इकला. आता एटीएमपाशी असतो, रातचे बारा घंटे.
खुर्ची चांगली हाय, गादीवाली."

गादीवाली खुर्ची.
रिपोर्टात त्यासाठी रकाना नाही.

आता पोटरी पिळायची असते,
मग निळा रंग वर धावतो
आणि स्पीकरमधून वारा सुटल्यासारखा आवाज येतो.
मी हात नेते, आणि थांबते.
प्रोब उभा धरल्यावर दिसतं ते वरचं टोक,
भिंतीपासून सुटलेलं,
प्रत्येक श्वासाला हलणारं,
जणू तुटलेल्या सुताचा शेवट.
तिथून फुप्फुसापर्यंत एकही सिग्नल नाही.
रात्री दोन वाजताचा वर्धा रोड.

"बाबा, आता उठायचं नाही."
"काऊन? पंचशील चौकातून पायी आलो नं मी."
"आले ते आले."

व्हीलचेअर येईपर्यंत ते दुपट्ट्याच्या टोकानं
मांडीवरचं जेल पुसतात, सावकाश,
माझा टिश्यू नाकारून.
"दाबूनच कळते काय हो?"
हो.
"आमचंबी तसंच. थानावर आंगठा दाबला का समजे
सूत कुठं गुदमरलं."

मारबतीच्या दुसऱ्या दिवशी ते परत येतात.
तीन महिने गोळ्या. घेर बत्तीस.
"काल गर्दीत हुबा होतो. काळीले म्हनलं,
माह्या पायाचंबी ने बाई."
मी दाबते.
मिटते. अर्धी.
राखाडीला बगल देऊन, भिंतीच्या कडेकडेनं
एक बारीक निळी धार चाललीय.
देवाजी मान उचलून बघतात, बराच वेळ,
आणि काहीच विचारत नाहीत.

नंतर पायजमा खाली ओढताना सांगतात,
रात्री तासातासाला उठतो,
बसलो तरी पावड्या मारतो, हवेतल्या हवेत.
पैसे काढाले आलेले लोक बघतच राह्यतात,
एकजण तर कार्डच इसरून गेला मशिनीत.

मी लिहिते: अंशतः दबते.
आत्याला हे चाललं नसतं.